डिफेंडर म्हणून पैसे घेऊन फुटबॉल खेळायचं असेल तर: तालमीपासून करारापर्यंत

कोल्हापुरात तालमींचे फुटबॉल संघ असतात. दर उन्हाळ्यात आमच्या तालमीत नवी पोरं येतात. कुठं खेळतोस म्हणून विचारलं की बहुतेक जण छाती काढून सांगतात, "फॉरवर्ड." एखाददुसरा मात्र गप्प उभा राहतो, कारण शाळेच्या सरांनी त्याला मागं लावलेलं असतं आणि त्याला ती शिक्षा वाटते. हा लेख त्या गप्प उभ्या राहणाऱ्यांसाठी आहे. पोरींसाठीही, कारण आता त्याही तितक्याच जिद्दीनं येतात.

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमच्या गर्दीसमोर खेळत वाढलो. नंतर मुंबईच्या एलिट डिव्हिजनमध्ये आणि आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीत मिळून सात हंगाम स्टॉपर, म्हणजे बचावफळीच्या मधला खेळाडू, म्हणून खेळलो. आयएसएलपर्यंत, म्हणजे देशातल्या सर्वात वरच्या लीगपर्यंत, पोचलो नाही. पण वाटेत ज्या चुका झाल्या त्यातल्या निम्म्या तरी कुणी आधी सांगितलं असतं तर टळल्या असत्या. त्या सांगण्यासाठीच लिहायला बसलोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा: डिफेंडर उशिरा पिकतो. फॉरवर्ड सतराव्या वर्षी चमकू शकतो. स्टॉपरला खेळ वाचायला शेकडो सामने लागतात. मुंबईचा राहुल भेके बघा. १७ मार्च २०१९ ला अंधेरीच्या मैदानावर आयएसएलचा अंतिम सामना होता, जादा वेळेतलं ११७ वं मिनिट, कॉर्नर आला आणि त्यानं हेडरनं एफसी गोवाविरुद्ध बंगळुरूचा विजयी गोल केला. त्यानंतर जूनमध्ये किंग्ज कपमध्ये तो भारताच्या वरिष्ठ संघातून पहिल्यांदा उतरला. तेव्हा वय होतं २८. म्हणजे तुमचं खरं काम एवढंच की पंचविशीपर्यंत मैदानात टिकून राहायचं: शरीरानं, कागदपत्रांनी आणि पोटापाण्यानं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

१. आधी स्वतःची जागा ओळखा

"मी डिफेंडर आहे" एवढं सांगून भागत नाही. स्टॉपर, म्हणजे सेंटर बॅक, आणि साइड बॅक या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत. साइड बॅकला नव्वद मिनिटं पट्टीवर वर-खाली धावायचं असतं, क्रॉस टाकायचे असतात आणि विंगरला एकट्यानं थोपवायचं असतं. स्टॉपरचं काम हवेतला चेंडू, जागा, आणि पूर्ण बचावफळीला हाताळणं.

उंची कमी असेल तर खचू नका, पण खरं काय ते मान्य करा. साडेपाच फुटांच्या मुलाला स्टॉपर म्हणून वरच्या लीगमध्ये जागा मिळणं फार अवघड आहे. त्याच मुलाचा पाय वेगवान असेल तर साइड बॅक म्हणून दार उघडं आहे. डावखुरे असाल तर ते जपा. डाव्या पायाचा बॅक प्रत्येक कोचला हवा असतो आणि मिळत नाही.

चेंडू नुसता उडवून लावणारा बॅक आता चालत नाही. १९९२ साली नियम आला की सहकाऱ्यानं पायानं मुद्दाम दिलेला पास गोलकीपरनं हातात घ्यायचा नाही. तेव्हापासून बॅकला पायात चेंडू खेळवता येणं भाग पडलं. २०१९ पासून गोल किकचा चेंडू पेनल्टी क्षेत्राच्या आतच घेता येतो. त्यामुळे समोरचा फॉरवर्ड अंगावर धावून येत असताना तुम्ही स्वतःच्या गोलसमोर पहिला पास घेत असता. तो पास घ्यायची भीती वाटत असेल, तर सरावाची सुरुवात तिथूनच करा.

२. कागदपत्रं: खेळाच्या आधी हे पूर्ण करा

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण चांगली पोरं मैदानापेक्षा इथं जास्त अडलेली मी पाहिली आहेत. एका फाइलमध्ये हे ठेवा आणि सगळ्याची एक प्रत मोबाइलमध्येही ठेवा:

- जन्म दाखला, मूळ प्रत
- आधार कार्ड
- पासपोर्ट, परदेशी जायचं नसलं तरी काढून ठेवा
- शाळेचा किंवा कॉलेजचा बोनाफाइड दाखला आणि दहावीची गुणपत्रिका
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- वैद्यकीय तपासणीचा अहवाल, त्यात ईसीजी आणि इकोकार्डिओग्राम
- अठरा वर्षांखालील असाल तर पालकांचं संमतीपत्र
- जुन्या क्लबनं सोडल्याचं पत्र
- आजवर खेळलेल्या प्रत्येक क्लबचं नाव आणि हंगाम, तारखांसह
- स्वतःच्या नावाचं बँक खातं

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. वर्ष उलटून गेल्यावर नोंद करायची तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. असा उशिरा निघालेला दाखला दिसला की वयाबद्दल शंका घेतली जाते. तुमचा दाखला तसा असेल तर लसीकरणाचं कार्ड, रुग्णालयाची नोंद, पहिलीचा शाळाप्रवेश असे जुने पुरावे बरोबर ठेवा.

नावाचा घोळही आजच मिटवा. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे येतं. दाखल्यावर ते असतं, आधारवर गळलेलं असतं, पासपोर्टवर आडनाव दुसऱ्याच रकान्यात जातं. नोंदणी करणारा माणूस तिन्ही कागद शेजारी ठेवतो आणि अर्ज परत पाठवतो. माझी एक नोंदणी अशीच तीन आठवडे लटकली होती. तोवर संघ जाहीर झाला होता.

आणि वय कमी दाखवू नका. "दोन वर्षं कमी लावू, सगळेच करतात," असं सांगणारा कुणी ना कुणी भेटतोच. वयोगटाच्या स्पर्धांत डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय मोजतात, त्या चाचणीला टीडब्ल्यू-३ म्हणतात. माझ्याबरोबरचा एक अतिशय गुणी साइड बॅक त्यात सापडला. कागद त्याच्या काकांनी केले होते, पण स्पर्धेबाहेर तो गेला. बचावपटूला तर वय चोरून मिळतच नाही काही. तो उशिरा पिकणार आहे, लहान पोरांना धक्के मारून दोन वर्षं जिंकल्यानं त्याची जागा ओळखायची नजर उलट बिघडते.

३. नव्वद मिनिटं खेळायला मिळतील तिथं जा

नावाजलेल्या क्लबच्या बाकावर बसण्यापेक्षा छोट्या क्लबात दर आठवड्याला पूर्ण सामना खेळा. बचावातल्या चुका सामन्यातच होतात आणि सामन्यातच सुधारतात.

कोल्हापुरात असाल तर केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची) लीग आणि तालमींचे संघ आहेत: पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. पेठेपेठेतली ईर्षा आणि ती गर्दी यातून जे धैर्य येतं, ते कुठल्या अकादमीत शिकवत नाहीत. पण आपला खेळ भावनेवर चालतो, हेही खरं. इथं वाहवा मिळवून देणारा दणदणीत स्लायडिंग टॅकल बाहेरच्या कोचला चूक वाटू शकतो, कारण त्याच्या मते तुम्ही आधी चुकीच्या जागी होता म्हणून घसरावं लागलं.

मुंबईत जिल्हा लीगच्या अनेक श्रेणी आहेत, पुण्यातही जिल्हा लीग आहे, आणि या सगळ्यांवर राज्याची संघटना म्हणजे विफा. गोव्यात तर गावागावात फुटबॉल आहे, आणि तिथल्या प्रो लीगमध्ये धेंपो, साळगावकर, चर्चिल ही जुनी नावं. महेश गवळी आणि समीर नाईक हे भारताचे बचावपटू गोव्याच्याच मातीतले.

वाट साधारण अशी चढते. शाळेत सुब्रोतो कप, मग जिल्ह्याचा आणि राज्याचा वयोगट संघ, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या युथ लीग, रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग, तिथून राष्ट्रीय लीगच्या खालच्या श्रेणी. एकदम वर उडी क्वचितच लागते. वय बारा-तेरा असेल तर निवासी अकादमीची निवड चाचणी नक्की द्या. जमशेदपूरची टाटा अकादमी १९८७ पासून आहे, नवी मुंबईत रिलायन्सची आहे. राज्याच्या संघातून संतोष करंडक खेळायला मिळाला तर तो सोडू नका, खात्यांच्या संघांची नजर तिथं असते.

मुलींना वाट अरुंद आहे पण आहे. इंडियन विमेन्स लीगचे क्लब बॅक शोधत असतात. मणिपूरची आशालता देवी बचावपटूच, आणि तिनं वर्षानुवर्षं भारताचं कर्णधारपद सांभाळलं.

४. सराव: कोच जे वेळेअभावी करून घेत नाही ते

संघाचा सराव सगळ्यांसाठी असतो. बॅकचा स्वतःचा सराव वेगळा करावा लागतो, रोज अर्धा तास.

पहिलं, थोपवणं. समोरचा चेंडू घेऊन आला की पाय घालायची घाई करू नका. दीड हाताचं अंतर ठेवा, अंग तिरकं, गुडघे वाकलेले, वजन पंज्यांवर, आणि त्याला त्याच्या कमजोर पायाकडे किंवा रेषेकडे ढकलत न्या. जो आधी पाय घालतो तो हरतो. मित्राला घेऊन दहा मीटरच्या पट्ट्यात हे शंभरदा करा, आणि पहिले पन्नास वेळा हात पाठीमागे बांधून, म्हणजे जर्सी ओढायची सवय लागणार नाही.

या सवयीला नियमाचीही बाजू आहे. २०१६ पासून, पेनल्टी क्षेत्रात गोलची उघड संधी हुकवताना तुम्ही खरोखर चेंडूसाठी प्रयत्न केला असेल तर पेनल्टी आणि पिवळं कार्ड मिळतं. पण तुम्ही धरलंत, ओढलंत, ढकललंत तर पेनल्टी आणि लाल कार्ड.

दुसरं, मान फिरवणं. चेंडू दूर असताना दर दोन-तीन सेकंदांनी खांद्यावरून मागं बघा. बॅकला गोल बसतो तो बहुतेकदा पाठीमागच्या माणसाकडून.

तिसरं, आवाज. कोल्हापुरात मी "वर चला", "मागं बघ", "सोड" असं ओरडत मोठा झालो. मुंबईच्या संघात डावीकडे मिझोरमचा, उजवीकडे केरळचा आणि गोलमध्ये बंगाली. पहिल्या सामन्यात माझं मराठी ओरडणं कुणाला कळेना आणि आम्ही दोन गोल खाल्ले. "लाइन", "टाइम", "मॅन ऑन", "अवे", "ड्रॉप" हे शब्द सगळ्या देशात चालतात. ते आत्तापासून तोंडात बसवा. आणि सहकाऱ्याचं नाव घेऊन ओरडा. नुसतं "सोड" ओरडून प्रतिस्पर्ध्याला फसवलंत तर रेफ्री पिवळं कार्ड दाखवू शकतो.

बाकी हेडिंग, दुबळ्या पायानं चाळीस मीटरचा तिरका पास, दहा मीटरची झपाट्याची धाव आणि उलटं धावत वळणं. हे आठवड्यातून तीनदा केलं तरी पुरे.

सामान फार लागत नाही: माती-गवतासाठी एक स्टडचा बूट आणि टर्फसाठी वेगळा, शिनगार्ड, उड्या मारायची दोरी, सहा शंकू, रबरी पट्टा. मुंबईतल्या कूपरेज मैदानाच्या कृत्रिम टर्फवर लांब स्टड घालून जाऊ नका. पाय रुततो आणि गुडघा फिरतो.

५. ट्रायल: जिथं डिफेंडर कुणाला दिसत नाही

वीस मिनिटांच्या खेळात गोल करणारा लगेच नजरेत भरतो. बॅकनं काम चोख केलं तर त्याच्याकडे चेंडूच येत नाही. माझ्या दुसऱ्या ट्रायलमध्ये मी दिसायचं म्हणून पुढं धावत सुटलो, माझी जागा मोकळी पडली, आणि निवड करणाऱ्यांनी तेच लिहून घेतलं.

जाल तेव्हा असं करा. फॉर्मवर आणि तोंडी, दोन्हीकडे नेमकी जागा सांगा. मैदानात उतरताच दोन्ही बाजूच्या बॅकची नावं विचारून घ्या आणि पहिल्या मिनिटापासून त्या नावांनी बोला. निवड करणाऱ्यांच्या कानावर ते पडतं. पहिली झुंज जिंका, मग ती हवेतली असो वा जमिनीवरची. पहिले पाच पास सोपे द्या. चूक झालीच तर डोकं धरून उभे राहू नका, धावत परत या. अनुभवी कोच चुकीनंतरचे पाच सेकंद बघत असतो.

व्हिडिओ मागितला तर एकूण चार-पाच मिनिटांचे तुकडे द्या, सुरुवातीलाच बाण दाखवून तुम्ही कोण ते कळू द्या, आणि बरोबर एक पूर्ण सामना जोडा. बॅकचा खरा अंदाज पूर्ण सामन्यावरूनच येतो. संगीत घालू नका.

फसवणूक इथंच सगळ्यात जास्त होते. नोंदणीचे थोडे पैसे समजू शकतो. पण "युरोपातल्या क्लबची ट्रायल, फक्त अमुक लाख भरा" म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. आईबाबांनो, हे तुमच्यासाठी: फिफाच्या नियमांनुसार अठरा वर्षांखालच्या खेळाडूची आंतरराष्ट्रीय बदली, मोजके अपवाद सोडले तर, होतच नाही. सोळा वर्षांच्या मुलाला कुणी परदेशी करार दाखवत असेल तर दागिने गहाण टाकायच्या आधी हा एक नियम त्याला विचारा. एजंट असल्याचं कुणी सांगितलं तर फिफाच्या संकेतस्थळावर परवानाधारक एजंटांची यादी आहे, त्यात नाव बघा. एजंटबरोबरचा करार दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा करता येत नाही.

६. सही करण्याआधी

कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. मी एकोणिसाव्या वर्षी केली. "नंतर भरू" म्हणाले. नंतर कळलं की दुसऱ्या क्लबशी बोलणी सुरू असतानाच माझी पहिल्या क्लबात नोंदणी झाली होती. दोन ठिकाणी सह्या, त्यामुळे तो हंगाम मी स्टँडमध्ये बसून काढला. आजही त्या वर्षाची हळहळ वाटते.

करार वाचताना या गोष्टी शोधा. मुदत किती? फिफाच्या नियमांत जास्तीत जास्त पाच वर्षं, आणि अठराखालच्यांना तीन. "क्लबला वाटल्यास एक वर्ष वाढवता येईल" असं एकतर्फी कलम आहे का? दुखापत झाली तर उपचार कुणाचे आणि पगार चालू राहणार का? विमा आहे का? राहणं-खाणं पगारात धरलंय की वेगळं? सही केलेली प्रत त्याच दिवशी हातात घ्या. पगार बँकेतूनच घ्या, रोखीचा पुरावा उरत नाही. नोंदणी महासंघाच्या सीआरएस या ऑनलाइन प्रणालीत झाली की नाही, ते स्वतः खात्री करा.

पगार थकला तर? दोन महिन्यांचा पगार बेकायदा थकला, तर क्लबला लेखी नोटीस देऊन पंधरा दिवसांची मुदत द्यायची. तरीही दिला नाही तर करार मोडायला ते योग्य कारण ठरतं, असं फिफाचे नियम सांगतात. तक्रार महासंघाच्या प्लेअर स्टेटस कमिटीकडे जाते, आणि खेळाडूंची संघटना एफपीएआय सल्ला देते. लाजेपोटी गप्प बसू नका. जुलै २०२५ मध्ये तर खुद्द आयएसएलच अनिश्चित काळासाठी थांबवली गेली, आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार रोखले. देशातल्या सर्वात वरच्या लीगमधल्या खेळाडूंवर ही वेळ आली.

एक गोष्ट तालमीच्या कारभाऱ्यांनाही सांगा. खेळाडू पुढं व्यावसायिक झाला की बाराव्या ते एकविसाव्या वर्षापर्यंत त्याला घडवणाऱ्या क्लबांना प्रशिक्षणाचा मोबदला मिळू शकतो. पण त्या काळातली नोंदणी कागदावर असेल तरच. आपल्या कित्येक तालमींनी पोरं घडवली आणि नोंद ठेवली नाही.

७. शरीर

हृदयाची तपासणी टाळू नका. अन्वर अलीसारख्या तरुण बचावपटूच्या हृदयाचा आजार २०१९ साली तपासणीतच कळला आणि त्याचं खेळणं थांबलं. दीर्घ वैद्यकीय आणि कायदेशीर वाटचालीनंतर तो परतला आणि २०२२ मध्ये भारताच्या वरिष्ठ संघातून खेळला. निर्णय काय व्हायचा तो तज्ज्ञ डॉक्टरांबरोबर होईल, पण आधी आजार माहीत तर हवा.

सरावाआधी फिफाचा ११ प्लस हा वीस मिनिटांचा वॉर्म-अप करा. इंटरनेटवर फुकट आहे. गुडघ्याचा एसीएल, म्हणजे आतला मुख्य अस्थिबंध, फाटला तर नऊ महिने धरूनच चाला. संदेश झिंगनचा २०१९-२० चा अख्खा हंगाम गुडघ्यात गेला. पुढच्या हंगामात तो परतला आणि २०२०-२१ चा महासंघाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मी सातव्या महिन्यात घाई केली, आणि तो गुडघा अजून जिना उतरताना बोलतो. डोक्याला डोकं आपटून चक्कर आली तर त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरू नका, कोच कितीही म्हणू दे.

खाण्यात भाकरी, उसळ, अंडी, दूध, शेंगदाणे-गूळ यावर उत्तम शरीर होतं. तांबडा-पांढरा सामन्याच्या आदल्या रात्री नको, दुसऱ्या दिवशी मनसोक्त. जिममध्ये कुणी दिलेली पावडर घेऊ नका. सर्दीच्या साध्या गोळीतही बंदी असलेलं द्रव्य असू शकतं. उत्तेजकांवर नजर ठेवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचं, म्हणजे नाडाचं, 'नो युवर मेडिसिन' हे ॲप आहे, औषधाचं नाव टाकून बघा.

८. शिक्षण आणि नोकरी सोबत चालू द्या

खालच्या श्रेणीत हंगाम पाच-सहा महिन्यांचा, करारही तेवढ्याचाच. उरलेले महिने घर चालवायचं असतं. रेल्वे, बँका, आयकर, पोलीस यांच्या खेळाडू कोट्यातल्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी स्पर्धेची प्रमाणपत्रं क्रीडा विभागाकडून पडताळून घ्यावी लागतात. स्पर्धा संपल्या दिवशीच प्रमाणपत्र मागून घ्या. चार वर्षांनी तो संघटक सापडत नाही. भरतीला पदवी लागते तिथं पदवी नसलेला उत्तम खेळाडू मागं राहतो, म्हणून कॉलेज सोडू नका. विद्यापीठाच्या संघातून खेळायलाही मिळतं.

महासंघाचा डी लायसन्सचा कोचिंग कोर्स खेळत असतानाच करा. थोड्या दिवसांचा असतो. मी सव्विसाव्या वर्षी केला. लहान पोरांना "पाय घालू नको, थोपव" असं शिकवायला लागलो आणि त्या हंगामात माझे स्वतःचे फाउल निम्म्यावर आले. आता नोकरीवरून सुटलो की संध्याकाळी साडेपाचला मैदानावर असतो. मागं उभं केलेली ती दोन-तीन पोरं रांगेच्या टोकाला असतात. सराव मी त्यांच्यापासून सुरू करतो.